कंबर नंतर, आधी घेर : जुन्या स्टिरिओ कार्डांतले बायकांचे कपडे वाचायला शिका

जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले एकाच बाईचे दोन फोटो. नुसते पाहिले तर दोन्ही अगदी सारखे वाटतात. तेच कार्ड स्टिरिओस्कोपमध्ये, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या उपकरणात, घातलं की ती बाई खोलीत उभी राहते. स्कर्टचा पुढचा काठ आपल्या अंगावर येतो, टेबल मागे सरकतं, आणि या दोन्हींच्या मध्ये तिची कंबर चहूबाजूंनी हवा असल्यासारखी मोकळी दिसते.

मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. कुठलाही कपडा दिसला की आधी शिवण शोधायची ही सवय जुनी, आणि तिनेच मला या कार्डांकडे नेलं. बरीच कार्डं बघून झाल्यावर एक गोष्ट मला ठाम पटली आहे. त्या काळच्या बायकांची चिमुकली कंबर पाहून आपण लगेच कॉर्सेटला, म्हणजे कंबर आवळणाऱ्या आतल्या ताठ कपड्याला, बोल लावतो. पण ती कंबर जितकी आवळलेली आहे त्याहून कितीतरी जास्त ती तशी दिसावी म्हणून भोवतालचं कापड रचलेलं आहे. सपाट फोटोत हे उलगडत नाही, स्टिरिओत उलगडतं. ज्यांनी असं कार्ड अजून हातात घेतलेलं नाही त्यांच्यासाठी, कुठून सुरुवात करायची ते इथे क्रमाने सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली, म्हणजे पुढचं-मागचं अंतर, तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आरशांचं उपकरण ठेवून दाखवलं. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८४९ मध्ये भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप सुचवला आणि पॅरिसच्या ज्यूल द्यूबॉस्क यांनी तो बनवला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो राणी व्हिक्टोरियाला आवडला, आणि मागणी वाढली. १८५४ मध्ये लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी उभी राहिली. १८६१ मध्ये अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हातात धरायचं स्वस्त उपकरण तयार केलं आणि त्याचं पेटंट मुद्दाम घेतलं नाही, त्यामुळे ते कुणीही बनवू लागलं. नेमक्या याच वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायकांच्या स्कर्टचा घेर त्या शतकात सगळ्यात मोठा झाला होता. खोली दाखवणारं यंत्र आणि खोलीभर पसरणारा कपडा एकाच वेळी आले, म्हणून या विषयाची इतकी कार्डं मिळतात.

पायरी पहिली : डोळ्यांना सवय लावा

लहानपणी व्ह्यू-मास्टर पाहिला असेल तर अर्धं काम झालेलं आहे, तत्त्व तेच. सुरुवातीला कार्ड विकत घ्यायची गरज नाही. अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा रॉबर्ट डेनिस संग्रह आणि ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्याकडची हजारो कार्डं इंटरनेटवर फुकट बघता येतात. साध्या भिंगांचा एखादा पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टिकचा व्ह्यूअर मागवून चित्र कागदावर छापून घेतलंत तर सगळ्यात उत्तम.

व्ह्यूअर नसेल तर मोबाइलवरही जमतं. चित्र इतकं लहान करा की डाव्या फोटोतलं नाक आणि उजव्या फोटोतलं नाक यांत सहा सेंटिमीटरहून जास्त अंतर राहणार नाही, कारण आपल्या दोन बुबुळांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. मोबाइल नाकाला टेकवा, नजर खूप लांब, भिंतीपलीकडे बघत असल्यासारखी सैल सोडा आणि तशीच ठेवून फोन हळूहळू दूर न्या. दोनाची तीन चित्रं दिसतील. मधल्या चित्रात खोली असते. जमेना तर दोन फोटोंच्या मध्ये एक पोस्टकार्ड नाकापर्यंत उभं धरा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलंच चित्र दिसेल.

डोळे तिरळे करून बघू नका. तसंही चित्र जुळतं, पण डावं-उजवं बदलल्यामुळे खोली उलटी होते. स्कर्ट खळग्यासारखा आत जातो आणि मागची भिंत पुढे येते. असं काही दिसलं तर चूक कार्डाची नाही, नजरेची आहे, एवढं लक्षात ठेवा.

पायरी दुसरी : आधी पुठ्ठा, मग बाई

कपड्यांकडे वळण्याआधी पुठ्ठा नीट बघा. साधारण १८ बाय ९ सेंटिमीटर हे नेहमीचं माप. १८५० आणि १८६० च्या दशकांतले पुठ्ठे सपाट आणि काटकोनी कोपऱ्यांचे. साधारण १८६८ पासून कोपरे गोल दिसू लागतात. १८८० च्या सुमारास पुठ्ठा किंचित वाकवून बनवायला लागले, त्यामुळे खोली जास्त उठून दिसते असा समज होता. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर छोटं महसुली तिकीट असेल तर ते सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ या दोन वर्षांत विकलं गेलं आहे, कारण फोटोंवरचा अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा तो कर तेवढाच काळ होता.

नवख्या माणसाने एकच खूण पाठ करायची झाली तर ही करावी : पिंजऱ्याचे, म्हणजे आत पोलादी कड्यांचा सांगाडा असलेले, स्कर्ट गेले त्याच सुमारास पुठ्ठ्याचे कोपरे गोल झाले. मोठ्या गोल घेराची बाई गोल कोपऱ्यांच्या पुठ्ठ्यावर दिसली तर बहुधा जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली प्रत आहे, किंवा कुणाच्या तरी कार्डाची नक्कल. पुठ्ठा प्रत कधी निघाली ते सांगतो, कपडे फोटो कधी काढला ते सांगतात. या दोन तारखांची गल्लत करू नका.

पायरी तिसरी : घेर

नऊवारीचा काष्टा आणि पदर बघून आपल्याकडची जाणती बाई नेसणारी कुठली, कामाला निघालीय की लग्नाला, हे सांगते. इथे ते काम घेर करतो. त्यामुळे नजर कंबरेवर जाऊ देऊ नका, स्कर्टच्या तळाच्या काठावर ठेवा.

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला घेर उभा राहावा म्हणून एकावर एक कितीतरी परकर घालत, त्यातला एखादा घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाचा. क्रिनोलिन हा शब्द त्या कापडाचाच. १८५६ मध्ये पोलादी कड्यांच्या पिंजऱ्याचं पेटंट निघालं, आणि परकरांचं ओझं उतरून कड्यांचा हलका सांगाडा आला. पाय मोकळे झाले, आणि घेर वाढतच गेला. १८६० च्या आसपास तो सगळीकडून गोल आणि सगळ्यात मोठा होता. १८६५ पर्यंत पुढची बाजू सपाट होऊन सगळा फुगवटा मागे सरकला. दशक संपता संपता पिंजरा गेला आणि पाठीमागे कंबरेखाली फुगवटा उरला, त्याला बसल म्हणतात.

स्टिरिओचा खरा उपयोग इथे होतो. समोरून काढलेल्या सपाट फोटोत १८५९ चा गोल घेर आणि १८६५ चा पुढून चपटा घेर जवळपास सारखेच दिसतात. व्ह्यूअरमधून बघा : १८५९ च्या बाईचे पाय कुठे असतील त्याच्या खूप पुढे काठ येतो, १८६५ च्या बाईचा काठ जवळजवळ पायांपाशीच उतरतो. एका नजरेत पाच-सहा वर्षांचा फरक कळतो.

पुढचं थोडक्यात. १८७६ च्या आसपास पहिला बसल विरला आणि ड्रेस मांड्यांपर्यंत अंगाला चिकटला. १८८३ ते १८८९ दुसरा बसल, हा अधिक ताठ, फळीसारखा आडवा बाहेर आलेला. १८९३ ते १८९६ बाह्या खांद्यापाशी फुग्यासारख्या. १९०० नंतर छाती पुढे आणि नितंब मागे असा बांध. हे सगळं पहिल्याच दिवशी पाठ करायच्या मागे लागू नका. पिंजऱ्याचा काळ नीट ओळखता येऊ लागला की बाकीचं सोपं जातं.

पायरी चौथी : कॉर्सेट न दिसता ओळखायचा

बहुतेक कार्डांत कॉर्सेट दिसतच नाही, तो आत असतो. पण असल्याच्या खुणा बाहेर उमटतात. सर्वात आत सैल सुती शेमीज, तिच्यावर कॉर्सेट, त्यावर परकर आणि मग ड्रेस असा क्रम होता. कॉर्सेट थेट कातडीला लावत नसत. त्यात व्हेलच्या जबड्यातल्या बलीनच्या किंवा पोलादाच्या उभ्या पट्ट्या, पाठीला नाडी, आणि पुढे मध्यावर अडकवायची दोन तुकड्यांची पोलादी पट्टी, म्हणजे बस्क. पुढून उघडणारा हा बस्क शतकाच्या मध्याला सर्रास झाला. त्यामुळे बाईला कॉर्सेट एकटीने घालता-काढता येऊ लागला : नाडी सैल करायची, पुढून अडकवायचं, मग कंबरेपाशी मागे सोडलेले नाडीचे दोन फास ओढायचे. हे लक्षात ठेवा, सहाव्या पायरीला लागेल.

आता बॉडिसकडे, म्हणजे ड्रेसच्या कंबरेपर्यंतच्या भागाकडे बघा. छातीपासून कंबरेपर्यंत कापड आडवी एकही सुरकुती न पडता उतरत असेल तर आत कॉर्सेट आहे. ब्लाउज शिवणाऱ्या कुणालाही पटेल की इतकं तणावून शिवलेलं कापड नुसत्या अंगावर बसल्या बसल्या चुरगळतंच. ती बसली कशी आहे तेही बघा. कॉर्सेट घातलेली बाई कंबरेतून वाकत नाही, खुब्यातून वाकते, म्हणून खुर्चीच्या पुढच्या अर्ध्यावर पाठ टेकवल्याविना ताठ बसते. १८६० चा कॉर्सेट आखूड, कारण खालचं सगळं पिंजरा झाकतो. १८७० च्या दशकाअखेरीस ड्रेस नितंबांवर घट्ट आला, तेव्हा कॉर्सेटही लांब झाला आणि बस्कला पोटावर चमच्यासारखा बाक आला.

पायरी पाचवी : कंबरेची शहानिशा

आता कंबर. माझ्याकडच्या एका कार्डाचंच उदाहरण घेते.

पिवळा सपाट पुठ्ठा, काटकोनी कोपरे. चौकड्याच्या ड्रेसमधली एक तरुण बाई, शेजारी छोटं टेबल, टेबलावर अल्बम. पहिल्या नजरेत तिची कंबर मुठीत मावेल अशी वाटते. मी त्या चौकड्यांवर बराच वेळ घालवला. बॉडिसच्या पुढच्या भागाला दोन्ही बाजूंना दोन-दोन टक्स, म्हणजे कापड चिमटून घातलेल्या शिवणी, आहेत, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे. टक्स घेतले की चौकड्याच्या उभ्या रेघा कंबरेकडे येता येता एकमेकींत मिळतात, आणि डोळा त्या रेघांबरोबर आत आत ओढला जातो. मुंढ्याची शिवण खांद्यावर नाही, ती खाली दंडावर उतरली आहे. त्यामुळे खांदे उतरते आणि रुंद दिसतात. बाह्या कोपरापाशी सैल. खाली पाच फूट रुंद घेर. या सगळ्याच्या मधोमध कंबर आहे, ती बारीक दिसणारच.

मी कागदाच्या दोन पट्ट्यांनी बाह्या झाकल्या, तिसरीने कंबरेखालचा स्कर्ट. नुसतं धड उरलं, आणि ते एका सडपातळ मुलीचं साधं धड होतं. प्रत्येक कार्डावर हे करून बघा, पाच मिनिटं लागत नाहीत.

मग माप. माणसाचं डोकं एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत साधारण १५ सेंटिमीटर असतं. कंबर पूर्ण गोल धरली तर २२ इंची कंबर समोरून सुमारे १८ सेंटिमीटर रुंद दिसेल, म्हणजे डोक्यापेक्षा थोडी जास्तच. कंबर डोक्याइतकीच रुंद दिसत असेल तर हिशेब साडेअठरा इंचांवर येतो. त्याहून अरुंद दिसली तर निगेटिव्हवर कुणाचा तरी ब्रश फिरला असण्याची शंका घ्या.

यात एक बारकावा आहे आणि तो फक्त स्टिरिओतच दिसतो. माणसाची मूळ कंबर गोल नसते, लंबगोल असते, समोरून रुंद आणि बाजूने चपटी. कॉर्सेट तिला गोल करतो. घेर फारसा कमी न होताही समोरची रुंदी घटते, कारण तेवढं शरीर पुढे-मागे सरकलेलं असतं. व्ह्यूअरमधून बघितलं तर तशी कंबर खांबासारखी गोल उठून येते. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मापपट्टीच्या आकड्यांवरचा माझा भरवसा कमी झाला. विकताना सांगितलेलं कॉर्सेटचं मापही नाडी पूर्ण मिटल्यावरचं असे, घालताना मात्र पाठीवर फट ठेवायची पद्धत होती. २१ इंची कॉर्सेटमधली कंबर २३ किंवा २४ इंची असणं अगदी शक्य आहे.

शेवटची तपासणी : एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटून बघा. कंबरेची कड खरवडून किंवा रंगवून बारीक केली असेल तर ती दोन्ही चित्रांत तंतोतंत सारखी जमवणं फार अवघड. जरा फरक पडला की दोन्ही डोळे उघडल्यावर ती कड चमचमते किंवा अंगापासून सुटून तरंगते. मात्र प्रत्येक चमचम फसवणुकीची नसते. सुरुवातीच्या काळात काही छायाचित्रकार एकच कॅमेरा बाजूला सरकवून दोन फोटो एकामागोमाग काढत. मधल्या काळात बाईचा हात हलला तर हातही तसाच चमचमतो. माझ्या कार्डात स्कर्टच्या काठाचा डावा भाग पुसट आहे, कारण ओल्या कोलोडियनच्या काचेला, म्हणजे रसायनाचा थर दिलेल्या त्या काळच्या निगेटिव्हला, काही सेकंद लागत आणि पिंजरा तेवढ्यात झुलला. डोकं मात्र लख्ख आहे. का, ते काठामागे बघितल्यावर कळतं : व्ह्यूअरमधून एका लोखंडी स्टँडचा पाय स्पष्ट वेगळा दिसतो. मान हलू नये म्हणून त्या स्टँडचा चिमटा तिच्या डोक्यामागे लावलेला होता. सपाट फोटोत मी त्याला टेबलाचाच पाय समजले होते.

पायरी सहावी : हे खरं दृश्य आहे की रचलेलं नाटक

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. कॉर्सेट उघड दिसणारी कार्डं बहुतेक रचलेली असतात. मोलकरीण मालकिणीच्या पाठीवर पाय रोवून नाडी ओढते आहे. १८६० च्या सुमाराची एक मालिका तर अशी की लांब काठ्यांनी ड्रेस उचलून पिंजऱ्यावर वरून सोडत आहेत. हे विनोद होते, विकण्यासाठी केलेले, आणि विनोदाचा रोख बाईवर. बस्क पुढून उघडत असताना रोज पाठीवर पाय देण्याची कुणाला गरज होती? अंतर्वस्त्रांतल्या बाईची कार्डं पुरुष गिऱ्हाइकांसाठी असत. त्यातल्या मॉडेलचं नाव कार्डावर सापडत नाही. ती बाई त्या दिवशी आपलं काम करत होती, हे मनात ठेवून बघावं असं मला वाटतं.

अशी कार्डं टाकून देऊ नका. कॉर्सेटची बांधणी, बस्कच्या खिट्या, नाडीची वीण याच कार्डांत जवळून दिसते. फक्त वापराचा पुरावा म्हणून ती धरू नका.

नेहमीचा घेर केवढा होता ते बघायचं तर रस्त्यांची कार्डं काढा. १८५९ मध्ये न्यूयॉर्कला एडवर्ड अँथनी यांनी ब्रॉडवेचे क्षणार्धात टिपलेले फोटो काढले, एडिंबरोला जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांनी प्रिन्सेस स्ट्रीटचे, आणि १८६० च्या दशकात पॅरिसला इपोलित जूव्हँ यांनी तिथल्या रस्त्यांचे. या बायकांना आपला फोटो निघतोय याची खबर नव्हती. त्यांचे घेर दालनातल्या मॉडेलपेक्षा आटोपशीर आहेत आणि चालण्यात काही अडचण दिसत नाही. एक विनोदी कार्ड आणि त्याच वर्षाचं एक रस्त्याचं कार्ड शेजारी ठेवून बघा.

पायरी सातवी : रंगाचा अंदाज बांधू नका

कोलोडियनला निळा रंग फिका दिसतो आणि लाल-पिवळा गडद. त्यामुळे पांढरा वाटणारा ड्रेस आकाशी असू शकतो, काळा वाटणारा लालभडक. काळा दिसला म्हणून सुतकाचा म्हणू नका. कार्डावर हाताने भरलेला रंगही रंगवणाऱ्याच्या मनचा असतो.

फ्रेंच टिश्यू कार्डांची मात्र मजा वेगळी. पातळ कागदावरचा फोटो पाठीमागून रंगवलेला, त्यामागे आणखी एक झिरझिरीत कागद. टेबलावर ते कृष्णधवल दिसतं, खिडकीपुढे धरलं की नाचाचा दिवाणखाना रंगांनी भरून जातो आणि बायकांच्या गळ्यातले हिरे लकाकतात. ते हिरे म्हणजे टाचणीची भोकं. कुणीतरी बसून एकेक टोचलेली.

पायरी आठवी : कार्ड घरी आलं तर

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं मिळालं, तर कडेने धरा, बोटं फोटोवर नकोत. पुसू नका. वाकलेला पुठ्ठा स्कॅनरच्या काचेवर दाबून सपाट करू नका, फोटोच्या थराला तडे जातात. त्याऐवजी वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या. सपाट कार्ड ६०० डीपीआयला स्कॅन केलं तर शिवणी मोजता येतात. नोंदी वेगळ्या वहीत : पुठ्ठ्याचा रंग आणि कोपरे, पाठीवरचा मजकूर, घेराचा आकार, मुंढ्याची जागा, आणि सगळ्यात शेवटी कंबर.

आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा. मी एक कार्ड साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, जुलैअखेर त्यावर बुरशीचे ठिपके आले आणि ते आता जात नाहीत. आम्लरहित कागदाचं पाकीट वापरा, पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या दर पंधरवड्याला बदला.